नाथसागराजवळची विमान राइड : साधी राइड बिनधास्त घ्या, 'थ्रिल पॅकेज' अजिबात घेऊ नका

संभाजीनगरहून पैठणकडं जाताना नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या, अंगाला एका शेतात मुरूम टाकून धावपट्टी केलीये आणि तिथं उन्हाळी सुट्टीत दोन सीटच्या मायक्रोलाइट विमानातून लोकांना फिरवून आणतात, त्याचे व्हिडिओ सध्या सगळ्यांच्या स्टेटसला दिसतायत. बऱ्याच जणांनी मला विचारलं की कसं आहे, जावं का, लेकरांना न्यावं का, म्हणून सविस्तर लिहितोय. साधी राइड चांगली आहे, तिला मी पाचपैकी चार देईन. पण 'थ्रिल पॅकेज' म्हणून जे विकायलेत त्याला शून्य, आणि ते बंदच झालं पाहिजे. कंपनीचं नाव इथं टाकत नाही, लेखी तक्रार दिलीये, तिची चौकशी होऊ द्या.

मी एअर फोर्समधून रिटायर झालोय. पायलट नाही, एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाचा सांगाडा, पंख, कंट्रोलच्या केबली हे सगळं बघायचं काम. बरीच वर्षं बिदरला काढली, हवाई कसरती करणारी सूर्यकिरणची टीम तिथं एचएएलची किरण विमानं उडवायची तेव्हाची गोष्ट. त्यामुळं विमान दिसलं की आधी बिजागरी बघायची, नट बघायचे, पंखाच्या कापडावरून हात फिरवायचा ही सवय अजून गेली नाही.

आधी चांगलं सांगतो. बुकिंग फोनवर होतं, वेळ दिली त्याच वेळेला नंबर लागला, शेडनेटचा मांडव आहे, थंड पाण्याचे जार आहेत, बायकांसाठी वेगळी टॉयलेटची सोय आहे, गाड्या लावायला भरपूर जागा. साधी राइड अडीच हजाराला, साधारण दहा मिनिटं. विमान वरून पंख असलेलं, कापडी, पंखा मागं नाही तर नाकावर असलेलं. मी स्वतः सकाळी बसलो. उडाल्यावर हजारेक फुटांवर नेलं आणि तिथंच सरळ ठेवलं, वळणं एकदम हलकी घेतली. खाली आटत चाललेला नाथसागर, उघड्या पडलेल्या गाळावर लोकांनी केलेला गाळपेरा, मोसंबीच्या बागांचे हिरवे चौकोन, लांबवर धरणाची भिंत, असं आपलं गाव-शिवार वरून बघायला मिळणं ही खरंच मोठी गोष्ट आहे. ताईला आणि दाजींना पण बसवलं, दाजी तर उतरल्यावर कितीतरी वेळ त्याच्यावरच बोलत होते.

आता मुद्द्याचं. पाच हजार पाचशेचं जे पॅकेज आहे त्यात काय करतात ते ऐका. पायलट आधी धावपट्टीवरून, लोक बसलेत त्या मांडवाच्या समोरून, डोक्याच्या दोन-अडीच पट उंचीवरून फुल्ल स्पीडनं विमान काढतो. मग पट्टी संपली की एकदम नाक वर. चढता चढता विमान एका अंगावर टाकायचं, पंख जवळपास उभा होईपर्यंत, आणि तसंच वळवून परत मांडवाकडं खाली यायचं. लोक ओरडतात, मोबाईल वर, टाळ्या. मोबाईलवर बघायला भारी वाटतं हे मी पण मान्य करतो.

ज्या विमानात हे करतात त्याच विमानात मी सकाळी बसलो होतो. समोरच्या पॅनलवर, स्पीडच्या काट्याच्या शेजारी, लाल अक्षरात पट्टी चिकटवलेली आहे की या विमानानं कसरती करायला आणि मुद्दाम स्पिन (गरगर फिरत खाली येणं) करायला मनाई आहे. इंग्रजीत आहे, एक कोपरा उन्हानं उचकटलाय, पण सगळं वाचता येतं. ही पट्टी कंपनीवाल्यांनी नाही, विमान बनवणाऱ्यानं लावलीये. पंख किती जोर सहन करू शकतो याच्या टेस्ट करून मग तो हे लिहितो. कसरतीसाठी बनवलेलं विमान वेगळं असतं. आपल्या वजनाच्या सहापट जोर एका बाजूनं आणि तिप्पट उलट्या बाजूनं सहन होईल असं ते बनवलेलं असतं, पट्टे पाच-सहा ठिकाणी बांधणारे असतात. इथं कमरेला एक पट्टा आणि खांद्यावरून एक, गाडीसारखा. आणि पॅसेंजरच्या हातात मोबाईल मोकळा, कारण व्हिडिओ काढायचाय. तो मोबाईल हातातून सुटून पायापाशी रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलमध्ये अडकला तर काय होईल हे कोणी विचारलंच नाही.

दुपारी बारा-साडेबाराला जालन्याचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं, त्यातल्या नवऱ्यानं पॅकेज घेतलं, बायको माझ्या शेजारीच खुर्चीवर बसून शूटिंग करत होती. विमान समोरून गेलं, नाक वर झालं, इंजिनचा आवाज जड झाला, मग डाव्या अंगावर पडलं आणि वळता वळता डावा पंख एकदम बसला, म्हणजे पायलटनं झुकवला तसा नाही, आपोआप, झटक्यात, आणि नाक खाली गेलं. पायलटनं कंट्रोलची काठी पुढं केली, रडर मारला, विमान सावरलं. सावरलं तेव्हा ते पट्टीच्या टोकाला जी चिंच आहे तिच्या शेंड्याच्या बरोबरीला होतं. मांडवातल्या लोकांना वाटलं हा पण स्टंटच, टाळ्या पडल्या. मी मात्र उभा राहिलो तो बसलोच नाही. माझ्या मागं बाजूच्या शेतातले एक म्हातारे बाबा उभे होते, ते म्हणाले, "काय करू राहिले हो हे लोक, पडलं असतं ना आता." त्यांना विमानातलं काही कळत नसेल पण कळायचं ते बरोबर कळलं होतं.

हे का झालं ते समजून घ्या, कारण हे नशिबाचं काम नाही, हिशोबाचं आहे. पंखावरून हवा ठराविक स्पीडनं वाहिली तरच तो विमान उचलतो, स्पीड कमी पडला किंवा नाक जास्तच उचललं की पंख हवा सोडतो, यालाच स्टॉल म्हणतात, आणि इंजिन फुल्ल चालू असलं तरी विमान बसतं. समजा हे विमान सरळ उडताना ताशी ६५ किलोमीटरला स्टॉल होतं. तेच ६० अंश झुकवून, उंची न सोडता वळवलं तर पंखावर दुप्पट वजन येतं आणि स्टॉल ९२ च्या आसपासच होतो. ७५ अंश झुकवलं तर वजन जवळपास चौपट आणि १२८ ला सुद्धा पंख साथ सोडतो. आता हा पायलट काय करतोय, नाक वर करून चढतोय म्हणजे स्पीड संपत चाललाय, आणि त्याच वेळेला झुकवून ओढतोय म्हणजे लागणारा स्पीड वाढत चाललाय. हे दोन्ही एकमेकाला गाठतात तिथं एक पंख दुसऱ्याच्या आधी बसतो आणि विमान त्या अंगावर कोलमडतं. पुढं तसंच ओढत राहिलं तर स्पिन, गरगर फिरत खाली.

हेच तीन-चार हजार फुटांवर झालं तर शिकलेला पायलट शांतपणे सावरतो, फ्लाइंग स्कूलमध्ये हे मुद्दाम शिकवतातच. सेसना कंपनी आपल्या छोट्या ट्रेनर विमानांबद्दल स्वतः सांगते की एक फेरीचा स्पिन आणि त्यातून बाहेर येणं यात साधारण १००० फूट उंची जाते. हे विमान हलकं आहे, कमी जाईल असं धरा, निम्मी जाईल असं धरा. पण इथं सगळा खेळच दोनशे-अडीचशे फुटात चाललाय, तर सावरायला जागा कुठून आणणार? चूक वर पण होते आणि खाली पण होते, वर तिला दुरुस्त करायला दहा-पंधरा सेकंद मिळतात, खाली दोन सुद्धा मिळत नाहीत.

त्यात आपला मराठवाडा आणि त्यात मे महिना. पैठणकडची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फूट. त्या उंचीला हवा १२ डिग्री असेल असं धरून विमानाचे तक्ते बनतात, आणि आपल्याकडं दुपारी ४१. गरम हवा विरळ असते. १२ च्या वरच्या एका डिग्रीला साधारण १२० फूट वाढवायचे हा हिशोब लावला तर त्या शेतातलं विमान दुपारी पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच. इंजिनाची ताकद शंभराला पंधराच्या आसपास कमी, पंखा हवा कमी कापतो, वळणाचा घेर मोठा होतो, आणि पायलटचा हात मात्र सकाळच्या अंदाजानं चालत असतो. वर दुपारच्या वावटळी. त्या दिवशी पट्टीच्या कडेला एक वावटळ पाचटाचा कचरा उचलून पार वर घेऊन गेली, आम्ही सगळ्यांनी बघितली, आणि दहा मिनिटात पुढचं विमान सोडलं.

वजनाचं तर विचारूच नका. या प्रकारच्या विमानाचं एकूण वजन ४५० किलोपर्यंत धरलेलं असतं, रिकामं विमान २७० च्या आसपास, म्हणजे माणसं आणि पेट्रोल मिळून १८० उरले. पायलट ऐंशीचा, पेट्रोल तीस लिटर धरलं तरी वीस-बावीस किलो, मग पॅसेंजर ७८ च्या पुढं गेला की संपलं. काउंटरवर कोणालाच वजन विचारलं नाही, काटा तर नव्हताच. दाजी ९४ किलोचे आहेत. साध्या राइडमधला जो एक मार्क मी कापला तो याच्यासाठी.

आणि तारा. पट्टीच्या दक्षिणेला शेतातली ११ केव्हीची लाइन जाते, कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मरची डीपी आहे, खांबांच्या मधल्या तारा बाभळीच्या मागं लपलेल्या. वरून तार दिसत नाही हो, पायलट लोक खांब शोधतात आणि त्यावरून तारेचा अंदाज बांधतात, आणि सुसाट खालून जाताना खांब शोधायला वेळ कोणाकडं असतो. मे २०१७ मध्ये आपल्या लातूर जिल्ह्यात निलंग्याला काय झालं ते आठवा, तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आलं आणि तारांत अडकून पडलं, सगळे वाचले हे नशीब. ते दोन इंजिनांचं मोठं मशीन होतं, सरकारी होतं, आणि कसरत वगैरे काही करत नव्हतं. संभाजीनगरच्या लोकांना २६ एप्रिल १९९३ विसरता येत नाही, चिकलठाण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग उडताना पट्टीच्या पलीकडच्या रस्त्यावर ट्रकला घासलं, मग हाय टेन्शनच्या तारांत गेलं, ५५ माणसं गेली. ट्रक जमिनीपासून केवढा उंच असतो? तेवढी उंची कमी पडली.

मी मॅनेजरशी बोललो तेव्हा तो म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, आमचे कॅप्टन एक्सपर्ट आहेत, रोज करतात." तेच तर सांगतोय. रोज करतात म्हणून उद्याचं धोक्याचं काम सोपं होत नाही, उलट माणूस दर वेळेला थोडं थोडं खाली यायला लागतो कारण काल काही झालं नाही. संजय गांधी २३ जून १९८० ला दिल्लीत गेले ते पिट्स एस-२ए मध्ये, खास कसरतींसाठीच बनवलेलं विमान, कमी उंचीवर कसरती चालू होत्या, सोबत कॅप्टन सक्सेना होते, दोघं गेले. विमान योग्य असून उंची नव्हती. मार्च २०१० ला हैदराबादला बेगमपेटच्या एअर शोमध्ये नेव्हीच्या सागर पवन टीमचं किरण वस्तीतल्या एका बिल्डिंगवर पडलं, दोन्ही पायलट गेले. निवडून घेतलेले, वर्षानुवर्षं सराव केलेले लोक होते ते. बिदरला मी बघितलंय, टीममध्ये नवीन आलेल्याला आधी कितीतरी उंचीवर सराव करावा लागायचा आणि मग पायरी पायरीनं खाली आणायचे, खाली यायची परवानगी दुसरा कोणीतरी वरचा माणूस द्यायचा, स्वतःच्या मनानं नाही. अमेरिकेत एअर शोच्या पायलटला पण असंच आहे, आधी ८०० फूट, मग ५००, मग २५०, प्रत्येक पायरीला परीक्षा. तिथल्या साध्या खासगी विमानाला तर १५०० फुटांच्या खाली कसरत करायलाच बंदी आहे, लोकांच्या गर्दीवर तर नाहीच नाही, आणि पॅसेंजर घेऊन कसरत केली तर दोघांच्या अंगावर पॅराशूट पाहिजे. इथं जालन्याच्या त्या पोराच्या अंगावर टी-शर्ट होता.

बसणारा निदान पैसे देऊन बसतो. पण मांडवातली लेकरं, कुल्फीवाला, बांधावर उभं राहून बघणारे गावातले लोक, त्यांनी काय पॅकेज घेतलंय? इंग्लंडमध्ये शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ ला एका जुन्या हंटर जेटनं एअर शोमध्ये लूप (हवेत उभा गोल) घेतला, वर पोचायला पाहिजे होतं ३५०० फुटांवर आणि पोचला २७०० लाच, तरी तसाच पुढं ओढला आणि शेजारच्या हायवेवर पडला. ११ माणसं मेली ती सगळी रस्त्यावरची, खालची. पायलट वाचला. त्यानंतर तिकडं नियम अजून कडक झाले. आपल्या इथं मांडव धावपट्टीपासून इतका जवळ आहे की विमान गेलं की ताडपत्री फडफडते, आणि वळून परत येताना नाक सरळ मांडवाकडंच असतं. उडताना-उतरताना सोडलं तर मोकळ्या रानावर सुद्धा ५०० फूट आणि वस्तीवर, गर्दीवर १००० फूट राखायचे हा जगभर चालणारा साधा नियम आहे, तो रोज शंभर-दीडशे लोकांच्या समोर मोडला जातोय.

थ्रिल पाहिजे त्यांच्यावर माझा राग नाही. वयच असतं ते. पण ते पाहिजे असेल तर कसरतीचंच विमान, कसरतीचं ट्रेनिंग झालेला पायलट, तीन-चार हजार फूट उंची, अंगावर पॅराशूट आणि खाली मोकळं रान, एवढं सगळं असलं तर जरूर करा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. यातलं एक जरी कमी असलं तर नाही म्हणा.

ज्यांना जायचंय त्यांनी सकाळी साडेसात-आठच्या आतला स्लॉट घ्या, हवा थंड आणि शांत असते, वरून दिसतं पण छान. बसायच्या आधी स्वतःचं वजन सांगा, विचारलं नाही तरी सांगा, आणि पायलटला स्पष्ट बोला की हजार फुटांच्या खाली फिरायचं नाही आणि झुकवायचं नाही. तो हसला किंवा "थोडंसं दाखवतो ना" म्हणाला तर उतरा, पैसे गेले तरी चालतील. पॅनलवरची लाल पट्टी वाचा, फोटो काढा. मोबाईल खिशात, चेन लावून. लेकरांना घेऊन मांडवात बसू नका, पार्किंगच्या बाजूला थांबा, ती बाजू विमानाच्या वळणात येत नाही.

तक्रार मी जिल्हाधिकारी ऑफिसला आणि डीजीसीएला (विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याला) दोन्हीकडं पाठवलीये, लाल पट्टीचा आणि मांडवाचा फोटो जोडून. तुमच्याकडं खालून गेल्याचे व्हिडिओ असतील तर तारीख-वेळेसकट तुम्ही पण पाठवा, एकाच्या अर्जाला वेळ लागतो, दहा अर्ज आले की लवकर बघतात.

आणि ज्यांनी पॅकेजचे पैसे आधीच भरलेत त्यांच्यासाठी : माझ्या भाच्याचा नंबर त्या जालन्याच्या पोराच्या पाठोपाठ होता. तो म्हणाला, "मामा, अहो पैसे भरलेत ना," मी म्हटलं, भरले तर भरले, तू बसणार नाहीस. काउंटरवर आधी म्हणाले रिफंड होत नाही, मग म्हणाले मालकाला विचारतो, अर्धा तास थांबवलं, शेवटी पावती बदलून साध्या राइडची दिली आणि वरचे तीन हजार दाजींना रोख परत केले. तुम्ही पण मागा, पावतीवर कुठंच 'नॉन रिफंडेबल' लिहिलेलं नाही.